सात चमचे

जिन्यावरून पडून आक्कांचा जबडा मोडला. डॉक्टरांनी तो तारांनी बांधला आणि महिनाभर स्ट्रॉनं ओढता येईल तेवढंच पातळ घ्यायला सांगितलं. दिवसाला बाराशे कॅलरी पोटात गेल्या पाहिजेत, असंही बजावलं. ऑस्ट्रेलियातल्या भाच्यानं पातळ करून प्यायच्या पौष्टिक पावडरीचे डबे पाठवले होतेच. सुनेनं, निशानं, डब्यावर वाचलं: शंभर ग्रॅमला अठराशे. तिनं आपल्या रोजच्या वहीत हिशेब मांडला. दहा ग्रॅमचा चमचा, म्हणजे दिवसाला सात चमचे. नवरा नागसेन दिवसभर शिरोलीच्या फौंड्रीत. बारावीला फिजिक्समध्ये पहिली आलेली बायको, तिचं गणित तो कशाला तपासतोय?

तिसऱ्या दिवशी आक्का तारांमधून पुटपुटल्या, "निशे, पोटात आग पडलीया. अजून वाटीभर दे की."

"मापून लिवलंय, आक्का. डॉक्टरपेक्षा तुमालाच जास्त कळतंय व्हय?"

आक्कांनी भिंतीकडं तोंड केलं. पुन्हा काही मागितलं नाही.

दहाव्या दिवशी वजन तीन किलोनं उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, अंगी लागत नाही, सोमवारी नाकातून नळी घालू.

शनिवारी सकाळी बुद्धवंदना आटोपून निशा पावडर कालवत होती. तिची लेक मनाली चाचणीसाठी घोकत बसली होती, "आहारातली एक कॅलरी म्हणजे एक किलोकॅलरी, म्हणजेच चार पूर्णांक अठरा किलोज्यूल..."

निशाचा हात थांबला. तिनं डबा उजेडात धरला. अठराशेच्या पुढं बारीक अक्षरात कॅलरी नव्हे, किलोज्यूल लिहिलेलं होतं. सात नव्हे, अठ्ठावीस चमचे लागत होते. दहा दिवस तिनं म्हातारीला पाव पोटावर ठेवलं होतं, आणि वर तिचं तोंडही बंद केलं होतं.

गप्प बसलं तर दोष दुखण्यावर जाईल, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण सोमवारी नळी आक्कांच्या नाकात जाणार होती. खोटं बोलणार नाही, हे पंचशीलातलं चौथं शील तर तिनं अर्ध्या तासापूर्वीच मोठ्यानं म्हटलं होतं.

ती आक्कांच्या पायाशी जाऊन बसली. "माझं चुकलं, आक्का. डब्यावरचा आकडा मी कॅलरीचा समजले. तुमाला चौथाईच खायला घालत हुते."

आक्का उठून बसल्या. "म्हंजे भूक खरी हुती?"

"व्हय."

"मला वाटलं, म्हातारपणी जीभ हावरी झाली. बुद्धापुढं रोज माफी मागत हुते मी."

निशानं पदर तोंडाला लावला.

"नागसेनला नगं सांगू," आक्का म्हणाल्या. "लई बोलंल."

"त्यास्नी सांगणार. डॉक्टरला तर आत्ताच."

डॉक्टरांनी फोनवर आकडे पुन्हा विचारून घेतले. मग म्हणाले, एकदम चौपट देऊ नका, उपाशी अंगाला ते सोसणार नाही, आजच रक्त तपासायला घेऊन या, नळीचं थांबवू. चमचे हळूहळू वाढत अठ्ठावीसवर गेले. नागसेन जे बोलायचं ते बोलला. महिन्यानं तारा निघाल्या, वजनही भरून आलं.

पण आक्का अजूनही दुसऱ्या भाकरीला हात घालण्याआधी निशाच्या तोंडाकडं बघतात.