रुक्माक्कांच्या काडेपेट्या

“फुंकू नक्को!”

रुक्माक्का माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या एवढंच. माझा कामाचा पहिला दिवस होता. टेबलावर सांडलेली पिसांची लव मी तोंडानं उडवून लावणार, तोच त्यांनी माझ्या तोंडासमोर हात धरला. “कचरा न्हाई ते पोरी, सामान हाय.” मग बोटाचं टोक जिभेला लावून त्यांनी ती लव टिपून घेतली आणि काडेपेटीत ठेवली. पाच मिनिटं तरी गेली असतील. मला वाटलं, बाई जरा चक्रम आहे.

तेलुगू मुलखात, कुकटपल्लीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही चौदा बायका माशा बांधायचो. परदेशात हौशी लोक नदीत गळ टाकून मासे धरतात. त्यांच्या गळाला खरा किडा नसतो, किड्याचं सोंग असतं. बारीक गळ टेबलावरच्या चिमट्यात धरायचा, त्यावर दोरा, केस, कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळायचं, शेवटी डोक्यावर व्हार्निशचा थेंब द्यायचा. शेडमध्ये सगळे त्याला ‘मक्खी’च म्हणायचे. असल्या माशीनं मासा धरणारा माणूस आमच्यातल्या एकीनंही कधी पाहिला नव्हता.

बाकीच्या बायका पिसाचा चांगला भाग वापरून उरलेलं टाकायच्या. अक्कांचं पीस संपतच नसे. शेंडा मोठ्या गळाला, मधला भाग लहान गळाला, बुडाची लव मेण लावलेल्या दोऱ्यावर वळून किड्याच्या पोटाला. तुटके दोरे पिळून त्या पोटावरचे पट्टे करायच्या. चकाकी लागली तर फाटक्या शालूची जर उसवून आणायच्या. बिघडलेली माशीसुद्धा अर्ध्या ब्लेडनं सोलून गळ मोकळा करायच्या. “कोंबडं एकदाच मरतं,” त्या म्हणायच्या, “त्याचं पीस तीनदा कामाला आलं पाहिजे.” आम्ही हसलो की पुढचं ठरलेलं वाक्य यायचं, “हसा गं. उरलं म्हणजे सरलं न्हाई.”

अक्का गौलीगुड्यातल्या मराठी वस्तीत राहायच्या. त्यांचे यजमान सरकारी कारखान्यात फिटर होते. ती वर्षं अशी होती की देशाची दारं उघडली असं पेपरात रोज यायचं, आणि इकडे एकेक जुना कारखाना आजारी ठरायचा. त्यांचाही ठरला. माणसांना घरी बसवलं. अक्कांच्या यजमानांनी हाय खाल्ली आणि सहा महिन्यांत ते गेले. मागे अक्का आणि मुलगी सुनंदा. सुनंदा नर्सिंगला होती, मी कामाला लागले तेव्हा तिचं शेवटचं एक वर्ष राहिलं होतं. ते वर्ष अक्कांच्या बोटांवर उभं होतं. माझंही घर तेव्हा माझ्याच कामावर चालायचं. नवऱ्याला नोकरी नव्हती. त्यामुळे बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो आणि फारसं बोलायचो नाही. बोलण्यासारखं दोघींचं सारखंच होतं.

अक्कांच्या डोळ्यांचं मला उशिरा कळलं. दोरा ओवताना त्या माझ्याकडे सुई सरकवायच्या, तेव्हा वाटलं वय झालं. मग एक दिवस हिरवा दोरा दे म्हणून त्यांनी करड्या रिळाकडे बोट केलं. मी बघतच राहिले. त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

“मंगल, कुणाला बोलू नक्को. बोटांना समदं दिसतं मला. रंग तेवढा तू सांगत जा.”

“अक्का, डॉक्टरला दाखवा हो.”

“दाखवते. सुनंदाचं वर्ष होऊ दे, मग दाखवते.”

तेव्हापासून मी हळूच रंग सांगायची आणि त्या बांधायच्या. त्यांची माशी तरीही शेडमधली सगळ्यात देखणी असायची.

मग ऑर्डरी आटायला लागल्या. दुसऱ्या देशांतून स्वस्त माल मिळतो असं परदेशी गिऱ्हाइकं म्हणू लागली. आमचे मालक तेलुगू, स्वभावानं चांगले, पण त्यांचा चेहरा उतरत चालला. एके सकाळी त्यांनी सगळ्यांना उभं केलं. जुन्या गिऱ्हाइकाची एक मोठी ऑर्डर आली होती, ऑलिव्ह रंगाची, म्हणजे मेंदीच्या पाल्यासारखी हिरवट. आठ दिवसांत माल पसंत पडला तर वर्षभराचं काम, नाहीतर शेडला कुलूप. आणि नवी पिसं यायला पंधरा दिवस लागणार होते.

मागून अक्का म्हणाल्या, “साब, मेरे पास है.”

दुसऱ्या दिवशी त्या दोन पिशव्या घेऊन आल्या. आत नुसत्या काडेपेट्या. तीन वर्षांची उरलेली पिसं, लव, केस, रंगाप्रमाणे नि लांबीप्रमाणे लावलेले. मालकांनी एकेक पेटी उघडून बघितली आणि अक्कांना हात जोडले. आम्ही कामाला लागलो. चहासुद्धा उभ्यानं प्यायचो. बोटांना भेगा पडल्या, व्हार्निशनं त्या झोंबायच्या.

सहाव्या दिवशी अक्कांना पिसं काढून देता देता माझा हात थांबला. हिरव्याच्या पेटीत तपकिरी पिसं होती. एखाद-दुसरं नाही, निम्मी. मी पुढची पेटी उघडली, तिच्यातही तेच. शेवटच्या वर्षात, डोळे जात असताना, अक्कांनी भरलेल्या त्या पेट्या होत्या. ट्यूबलाइटच्या उजेडात फरक पटकन कळत नव्हता. आणि अशा किती पेट्या वापरून झाल्या होत्या कोण जाणे. बोलावं तर काम थांबणार, माल अपुरा पडणार, कुलूप. न बोलावं तर कदाचित खपून जाईल. मी पिसं अक्कांच्या हातात दिली.

“हिरवी ना गं?” त्यांनी विचारलं.

“हिरवीच,” मी म्हणाले.

गिऱ्हाइकाचा माणूस आला. त्यानं मूठभर माशा उचलल्या, दारात उन्हात गेला, पांढऱ्या कागदावर ओळीनं मांडल्या. मग दुसरी मूठ. तिसऱ्या मुठीनंतर त्यानं कागद तसाच मालकांच्या हातात दिला. उन्हात तो फरक आंधळ्यालाही दिसला असता. आमच्यात ज्यांना दिसत नव्हतं त्या अक्का भिंतीला टेकून उभ्या होत्या.

“रुक्मम्मा, ये क्या कर दिए?” मालक एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मेरी गलती है साब. आँखां गये मेरे. बोली नहीं मैं.” अक्कांनी माझं नाव घेतलं नाही. मीही पुढे झाले नाही.

शेडला कुलूप लागलं. नापास माल अक्कांनी मागून घरी नेला आणि सोलायला बसल्या. “गळ तरी मोकळे करते. साब परत सुरू करतील.” मी गेले की मांडीवर पोतं, हातात अर्धं ब्लेड, बोटांना कापल्याच्या खुणा. एके दिवशी सुनंदानं ब्लेड काढून घेतलं, तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या. डॉक्टरनं काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही म्हणाला, आधी यायला हवं होतं म्हणाला. सुनंदानं शिक्षण सोडलं. नांदेडच्या एका दवाखान्यात तिला काम मिळालं, आयाचं.

त्यांना पोचवायला मी बसस्टँडवर गेले. सुनंदा वर पेटी चढवत होती. अक्का खिडकीशी बसल्या होत्या, नजर भलतीकडेच. मी खालून त्यांचा हात धरला आणि एकदाचं बोलून टाकलं, “अक्का, त्या दिवशी पिसं तपकिरी होती. मला दिसलं होतं.”

ड्रायव्हरनं गाडी सुरू केली.

“ठावं हाय,” त्या म्हणाल्या. “तुझा हात थांबला होता की गं. म्हणून तर मी इचारलं, हिरवी ना म्हणून.” माझा हात त्यांनी हळूच सोडवला. “म्या पण हिरवी म्हणूनच बांधली. आता जा, तुझी बस चुकंल.”