काढून न टाकलेला प्रश्न

शेलू गावात आमच्या खालच्या मजल्यावरचे काका घरूनच काम करतात. एक सॉफ्टवेअर कसं वापरायचं हे सांगणाऱ्या ऑनलाइन पानांखाली लोक कमेंट लिहितात. त्यातल्या कुठल्या ठेवायच्या, कुठल्या काढायच्या, हे ते ठरवतात. ठरवण्याआधी प्रत्येक कमेंट मोठ्याने वाचतात. “माणूस अडलाय की मिरवतोय, ते कानाला कळतं,” म्हणतात.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. खोपोलीत नोकरी लागली, काम त्याच सॉफ्टवेअरवर. पहिल्याच आठवड्यात अडले आणि मोडक्या इंग्रजीत, स्वतःच्या नावाने, पानाखाली प्रश्न विचारला. तिघांनी खिल्ली उडवली, ‘आधी शाळेत जा.’ ऑफिसातलं कुणी वाचलं तर काय, म्हणून मी काकांचं दार वाजवलं.

“काका, माझा प्रश्न काढून टाका.”

त्यांनी तो मोठ्याने वाचला आणि खिल्लीच्या तिन्ही कमेंट काढल्या.

“आणि माझा?”

“नाय गं. तू बरोबर अडलीस. पानातच एक पायरी लिहायची राहिलीय. लिहिणाऱ्यांना कळवतो.”

दोन दिवसांनी ती पायरी पानात आली. माझा प्रश्न चुकांसकट, नावासकट अजून तिथेच आहे. ऑफिसात नवीन मुलगी आली की मी तेच पान उघडते आणि तिला तो प्रश्न आधी वाचायला लावते. मोठ्याने.