एका सालीत सोललेलं सफरचंद

"ओ भाऊ, वढू नका, पिळा. फांदी मोडली तर फुडच्या वर्षी काय पानं खायची का?" बागवाला बांधावरून माझ्यावर ओरडत होता. तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं आमची ही ओरडली, "अहो, आई कुठंयत?"

थांबा, आधी एक सांगून टाकतो. माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. पुनावळ्याच्या आमच्या सोसायटीत माझ्या गोष्टींतून निम्मं वजा करून ऐकायची पद्धत आहे, आणि ती योग्यच आहे. चाकण चौकात ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा शेजारच्या रिक्षात एकाचं लग्न ठरून पोराचं बारसंही उरकलं, हे मीच सांगत असतो. पण यातलं काही वजा करू नका राव.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. चाकणच्या पुढं, कंपन्यांच्या शेडमागं, एका शेतकऱ्यानं सफरचंदाची बाग केलीय. हो, सफरचंदाची... उन्हाळ्यात पिकणारी जात असते म्हणे. आपण आत जायचं, हातानं तोडायचं. पोरीनं रीलमध्ये पाहिलं आणि रविवारी आम्ही निघालो — मी, ही, पोरगी आणि माझी आई.

आईला न्यायला कारण होतं. आई-अप्पा काशी करून आले तेव्हा आईनं रीतीप्रमाणे एक फळ सोडलं. खरं तर आवडतं सोडायचं असतं. पण आंबा सोडायची छाती होईना, म्हणून हिनं सोडलं सफरचंद. "ते काय, माणूस दवाखान्यातच खातो," म्हणाली. आणि वर्षाच्या आत अप्पा दवाखान्यात. येणारा प्रत्येक जण सफरचंदं घेऊन... कॉटखाली ट्रक उलटलाय असं वाटावं.

अप्पा रिटायर्ड टर्नर. लेथवर लोखंडाचं सलग वेटोळं निघतं ना, तशी ते सफरचंदाची साल काढायचे, मध्ये कुठं तुटायची नाही. मग बरोबर दोन फोडी. एक स्वतःला, एक आईला. जन्मभर सगळं असंच निम्मं-निम्मं. दवाखान्यात आई म्हणाली, "मी सोडलंय." अप्पा म्हणाले, "मग मला पण नको." दोन्ही फोडी ताटलीत काळ्या पडल्या. त्याच आठवड्यात अप्पा गेले.

तेव्हापासून आईचं जेवण तुटलं. घासभर भात, दोन घोट चहा. साडी अंगावर नाही, हँगरवर अडकवल्यासारखी दिसायला लागली. डॉक्टर म्हणाले, "गोळ्यांचं काम नाही हे, काहीही करून खायला घाला." म्हणून माझा डाव असा, की तिला झाडाखाली बसवायचं आणि पटवायचं — आई, काशीचा नियम बाजारातल्या फळाला, झाडावरच्याला लागत नाही.

आणि आता आईच दिसेना.

मी अशी हाक मारली की तिकडं चऱ्होलीची कुत्री उठून बसली असतील. धावत सगळ्या रांगा पालथ्या घातल्या. शेवटच्या रांगेत आई बसलेली. पदरात सफरचंदाची साल — सलग, एकच, वेटोळं घातलेली. हातात पांढरीशुभ्र फोड. आणि ती खात होती... सावकाश, चावून चावून.

आता बघा, आईच्या हातांना कंप आहे. तिला साधी दुधाची पिशवी कापता येत नाही. मी आणलेली सुरी बागवाल्यानं गेटवरच ठेवून घेतलेली, लोक फांद्या कापतात म्हणून. त्याला विचारलं, तर म्हणाला, "सकाळधरनं तुमच्याबिगर कुनीच न्हाई आलं. आन् तुमची सुरी ही काय, माझ्या खिशात हाय."

मी खाली बसलो. "आई, कुणी सोललं?"

"ह्यांनी."

"आणि दुसरी फोड?"

"खाल्ली की त्यांनी."

"अगं, पण काशीचं काय?"

"म्हणाले, काशीला मी पण होतो, माझं पुण्य लाव त्यात. खा आता."

तिच्या शेजारचं गवत कुणी बसून उठल्यासारखं दबलेलं होतं. ते आईनंच दाबलं असेल, त्यावर मी भांडत नाही.

संध्याकाळी घरी आईनं दीड भाकरी खाल्ली आणि आमटी अळणी झाली म्हणून हिला चार शब्द सुनावले. ही ओट्यापाशी उभी राहून रडत होती आणि हसत होती. "अजून बोला," म्हणे.

मी खूप डोकं लावलं. हातांचा कंप तेवढ्यापुरता थांबला असेल, सुरी कुणाची तरी पडलेली असेल... पण मग परत ती सलग साल आठवते. एवढा थापाड्या माणूस मी, पण इथं मला एक धड थापसुद्धा सुचत नाही.

फक्त एक गोष्ट मला लागून राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला बसलो तेव्हा विचारलंच, "आई, अप्पा एवढे आले होते, तर मला भेटायला का नाही थांबले?"

आईनं बिस्कीट चहात बुडवलं.

"सेकंड शिफ्ट होती म्हणाले."