मागच्या सीटखालचा आवाज

त्या उन्हाळ्यात मी देवाला हात जोडणं जवळजवळ सोडलंच होतं. पत्नीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि डायलिसिससाठी तिला जरीपटक्याहून सीताबर्डीकडच्या दवाखान्यात न्यावं लागे. ती रस्ताभर देवीचं नाव घेई, मी गप्प राहून गाडी चालवी. त्यात गाडीनं नवा ताप दिला. सकाळी बिनतक्रार चालायची आणि मे महिन्याच्या भर दुपारी, रहदारीत, अचानक बंद पडायची. थोड्या वेळानं आपोआप सुरूही व्हायची. प्लग बदलले, बॅटरी बदलली. गॅरेजमध्ये नेली की बंद पडतच नसे.

एका दुपारी ती वाटेत, सदर भागात बंद पडली. पत्नीचे पाय सुजले होते, दम लागत होता. मी चावी फिरवत राहिलो. इंजिन नुसतं फिरायचं, सुरू होईना. एकही ऑटो थांबेना. त्या क्षणी देवाविषयी मनात आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तेवढ्यात मागे एक गाडी थांबली. लग्नाला निघालेलं, साठीतलं जोडपं उतरलं. बाईंनी आत डोकावून पाहिलं.

"यांले काहून बसवून ठेवलं एवढ्या उन्हात? मी नेते माझ्या गाडीत. तुमची गाडी अशी भर रस्त्यात सोडता येत नाही, तुम्ही मागून या."

मी घुटमळलो. नाव ना गाव, आणि आजारी माणूस यांच्या हवाली करायचं? पत्नीच म्हणाली, "जाऊ द्या मले. देवीनंच धाडलं यांले."

मी तिची फाईल बाईंच्या हाती दिली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो.

बाईंचे यजमान माझ्यासोबत थांबले होते. कडक इस्त्रीचा झब्बा, कपाळावर घाम. म्हणाले, "माझ्या गाडीनंही मले असंच रडवलं होतं. चावी अर्धीच फिरवा अन् ऐका. मागच्या सीटखालून घूं आवाज येऊन राहिला का?"

नव्हता येत.

"मग इंजिनाले पेट्रोल पोचवणारा पंप गरम झाला. तो टाकीत पेट्रोलमध्येच बुडलेला असते, पेट्रोलनंच थंड राहते. टाकीत किती आहे?"

काटा तळाला होता. सगळा उन्हाळा मी थोडं थोडंच भरत आलो होतो.

आम्ही बॉनेट उघडं टाकून झाडाच्या सावलीत बसलो. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडी आपोआप देवीचं नाव आलं. मागणं काहीच नव्हतं. बऱ्याच वेळानं चावी फिरवली, तर मागून बारीक घूं ऐकू आलं. गाडी सुरू झाली. वाटेत टाकी भरून घेतली आणि आम्ही दोघांनी दवाखाना गाठला.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बाई जरीच्या साडीत बसल्या होत्या. "मशीन सुरू झाली भाऊ. आता दम कमी आहे त्यांचा."

"तुमचं लग्न राहिलं," मी म्हणालो.

"लागलं असंन आतापर्यंत. जेवण तर मिळंनच," त्या हसल्या, आणि दोघं निघाले. नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं पंप काढला. तो गरम झाला की बंदच पडत होता. नवा बसवल्यावर गाडीनं पुन्हा त्रास दिला नाही. याला कुणी चमत्कार म्हणू नये, मीही म्हणत नाही. पत्नीचा आजार आहे तसाच आहे. पण तिचं सगळं माझ्या एकट्याच्या हातात आहे, हे ओझं त्या दुपारी उतरलं. आता दवाखान्याला निघताना ती नाव घेते आणि मीही तिच्या आवाजात आवाज मिसळतो.