सुईसाठी वाटूरपर्यंत

गाडी सुटेपर्यंत अण्णा औरंगाबादच्या फलाटावर उभे होते, उजवा हात कोटाच्या खिशात कोंबून. निरोपाला त्यांनी हात हलवला नाही, डावासुद्धा नाही. अण्णा माझे थोरले भाऊ, तालुकदार कचेरीत पेशकार (कागदपत्रं लिहिणारे कारकून). वर्षभरापूर्वी त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला आणि तेव्हापासून तो हात खिशातच राहायला लागला. कचेरीतली माणसं त्यांना अक्षरासाठी ओळखायची, आम्ही घरचे चांदमारीसाठी. टेकडीमागं पुठ्ठ्यावर काळा ठिपका काढायचा आणि दूर उभं राहून पिस्तुलानं तो फोडायचा, हे त्यांचं एकुलतं एक व्यसन. परवाना होता, आणि होतं लांब नळीचं एक जुनं बेल्जमचं पिस्तूल. त्यात एका वेळी एकच बारीक काडतूस बसायचं.

त्या पिस्तुलाची सुई तुटली होती. चाप ओढला की घोडा या सुईवर आदळतो आणि सुई काडतुसावर. नेहमीच्या काडतुसाला मधोमध टोचायचं असतं. पण या काडतुसाचा बार बुडाच्या काठात भरलेला, तेव्हा सुई नेमकी काठालाच लागायला हवी. आमच्या लोहारानं छत्रीच्या काडीची एक सुई करून दिली, ती वाकली. घड्याळाच्या कमानीची केली, ती मोडली. मुंबईच्या दुकानदारानं कळवलं, कारखान्याचं नाव सांगा, मग बघू. नाव असतं तर हवं काय होतं! नळीखाली मुकुट घातलेला एक लंबगोल शिक्का, संपलं. त्यात महायुद्ध पेटलेलं. बेल्जमहून आता काय येणार, कपाळ?

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की उन्हाळ्यापर्यंत त्यांच्या हातात कलमही ठरणार नाही. अण्णांनी थोडी काडतुसं डबीत जपून ठेवली होती, शेवटच्या चांदमारीसाठी. हात आहे तोवर सुई मिळायला हवी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी शाळामास्तर, रजा टाकली, तुटकी सुई रुमालात बांधली, पिस्तुलाचं एक चित्र काढून घेतलं आणि निघालो. "कशाला जातोस?" अण्णा एकदाच म्हणाले. मी ऐकणारा नव्हे.

जालन्याला उतरलो तेव्हा मार्गशीर्षातलं अवकाळी आभाळ खाली आलं होतं. जालना म्हणजे सोन्याचा पाळणा, असं म्हणतात. मला पाळणा काही दिसला नाही, सदर बाजारात घोट्याएवढा चिखल तेवढा दिसला, आणि माझी एक वहाण त्यात राहिली. कुलपं आणि बंदुका दुरुस्त करणारे हमीदमियाँ एका बोळात बसायचे. त्यांनी चित्र पाहिलं आणि मान डोलावली.

"हौ, देखा मैं. ये जोड का है. परतूर के जिनिंग में एक गोरा इंजिनीर था. जाते वक्त एक इधर बेचा, दूसरा वाटूर के आगे पाटील को दे डाला."

अण्णांनी पिस्तूल जालन्यातच घेतलं होतं. जोडीचं पिस्तूल म्हणजे एकाच कारागिराच्या कानशीनं घासलेलं. त्याची सुई याला बसणारच. मग मियाँनी भिंग लावून सुईचं टोक पाहिलं, बराच वेळ पाहिलं.

"कौन चलाते इसको?"

"माझे भाऊ."

"काडतूस मिलते?"

"लढाई लागल्यापासून नाही."

"हौ," म्हणाले, आणि सुई परत रुमालात बांधून दिली. "चाय पिओ, साब." पुढं एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, म्हातारा कंटाळला.

परतूरला स्टेशनापासून बाजारापर्यंत कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती. आभाळामुळं कापूस ओलावलेला, व्यापारी भाव पाडून मागत होते आणि गाडीवान गोणपाट पांघरून नुसते बसून होते. एका खोपटात बाजरीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या डाळींच्या पिठाची झणझणीत आमटी) खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, पण पोटात ऊब आली. त्या प्रवासात मिळालेली ऊब तेवढीच.

वाटूरकडं जायला दगडू नावाच्या गाडीवानाची दमणी (दोन बैलांची हलकी गाडी) मिळाली. काळी माती चाकांना अशी लपेटायची की बैल दर फर्लांगाला थांबायचे. मध्येच धाडकन आवाज झाला, गाडी कलली आणि मी माझ्या ट्रंकेसकट तुरीच्या शेतात! चाकाची खीळ निघून पडली होती. मी अंगावरची माती झटकत दगडूच्या नावानं शंख करत होतो आणि हा गडी निवांत बाभळीची फांदी छिलत बसला.

"आता ती हरवलेली खीळ कुठं शोधायची?" मी ओरडलो.

"शोधायची कशापाई मास्तर? खीळच ती. बाभळीची घातली तरी चाक फिरून राह्यलं म्हंजी झालं."

त्यानं खीळ ठोकली आणि चाक खरंच फिरलं. मला त्या बाभळीच्या तुकड्याचा हेवा वाटला. गाडीला कुठलंही लाकूड चालतं, आणि आमचं अडलं होतं केसाएवढ्या पोलादाशी.

पाटलांचं गाव वाटूरच्या पुढं, ओढ्यापलीकडं. रंगनाथराव पाटील साठीचे, मिशा पांढऱ्या, आवाज पहाडासारखा. पिस्तूल त्यांच्या देवघरात पूजेला असतं, हे वाटेत दगडूकडून कळलं होतं. मी बिचकत कारण सांगितलं. देवघरातल्या शस्त्राचा भाग काढून मागायचा तो कुठल्या तोंडानं! पण पाटील क्षणभरही थांबले नाहीत.

"भाऊ बिमार हाये म्हणता, तं मंग न्या की. देव काय रागावत न्हाई त्याला. पण आदुगर जेवा."

जेवण झाल्यावर देव्हाऱ्याखालून तांबड्या फडक्यातली तलवार निघाली, आणि तिच्या शेजारी ते. तीच लांब नळी, तोच मुकुटाचा शिक्का. नळीवर हळदीकुंकवाचे थर बसलेले, मुठीला दसऱ्याची वाळकी झेंडूची पाकळी चिकटलेली. पाटलांच्या सुनेनं शिवणाच्या मशीनचा स्क्रू पिळायचं हत्यार आणून दिलं. मी खटका उघडला आणि सुई बाहेर काढली.

टोक गेलेलं होतं. चेपून चेपून चपटं झालेलं आणि मग तुटलेलं.

"पाटील, यातून कधी गोळी मारली होती?"

"छ्या! काडतूस हायेच कुणापाशी? खंडेनवमीला आम्ही शस्त्र जागवतो ना. पूजा झाली की घरातला परतेक गडी एकएकदा चाप ओढतो. मंग गल्लीतले येतात, तेबी ओढतात. टक् आवाज झाला की शस्त्र जागं झालं. आमच्या वडलांपासून हाये. तलवार काय, उपसली की झालं. याला आवाज काढावा लागतो."

"रिकामाच?" मी जवळजवळ किंचाळलो. "अहो, हे पिस्तूल रिकामं नाही मारायचं! काडतूस नसलं की सुई थेट नळीच्या पोलादावर आदळते, टोकाचा चुरा होतो! लहानपणी मी एकदा रिकामा चाप ओढला, तर अण्णांनी माझ्या कानाखाली आवाज काढला होता. ते तर कधी—"

आणि मी तिथंच थांबलो. रुमाल सोडला आणि अण्णांची सुई पाटलांच्या सुईशेजारी तळहातावर ठेवली. टोक तसंच चेपलेलं, तसंच चपटं होऊन तुटलेलं. कुठली कुणाची ते ओळखू येईना. हमीदमियाँ भिंगातून काय बघत होते आणि गप्प का झाले, ते आत्ता कळलं. मला रडू आलं. पाटलांना वाटलं, मास्तर निराश झाले.

"नमुना म्हून तरी न्या," त्यांनी सुई माझ्या मुठीत दाबली. "पाहुणा रिकाम्या हातानं जायला न्हाई पाहिजे. आमचं काय, घोडा टक् वाजला म्हंजी बास."

दगडूच्याच दमणीतून परत निघालो. परतूरला गाडी उशिरा आली. ओलसर बाकावर बसून मी एकच गोष्ट घोळवत होतो. दुसऱ्याच्या घरची रीत बघून मी केवढ्यानं ओरडलो होतो! आणि आमच्या घरात दार लावून काय चाललं होतं, ते मला कळायला वाटूरपर्यंत चिखल तुडवावा लागला.

घरी पोचलो तेव्हा अण्णा अंगणात बसले होते, अंगावर शाल. मी त्यांना सगळं सांगितलं. चिखल, बाभळीची खीळ, पाटलांचा पाहुणचार, शस्त्र जागवणं. ते मनापासून हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

"वर्षातून एकदा ओढतात म्हणे?"

"हो."

"मी रोज सकाळी ओढायचो," अण्णा म्हणाले. "काडतुसं वाचवायची होती. भिंतीवर ठिपका काढला होता. चाप ओढताना नळी किती हलते ते बघायचो. काल हलली त्याहून आज जास्त, आजच्याहून उद्या जास्त. सुई तुटली त्या दिवशी सुटलो रे, असं वाटलं."

"मग मला जाऊ कशाला दिलंत?"

"तू एवढ्या उमेदीनं निघालास. नाही म्हणवेना."

मग शालीतून उजवा हात काढून त्यांनी माझ्यापुढं धरला आणि सुया मागितल्या. मी दोन्ही त्यांच्या तळहातावर ठेवल्या. त्यांनी मूठ मिटेपर्यंत त्या एकमेकींवर वाजत होत्या.