घरमालकावरचा खटला

पडद्यावरच्या अन्यायावर तुम्ही रडता आणि शेजारचं दार कुणी ठोठावलं की रेडिओ मोठा करता! नाव कुणाचंच घेत नाही. आमच्या औरंगाबादच्या फिल्म मंडळात असे किस्से इतके साठलेत, की एक सांगायला घेतला की दुसरा पुढं घुसतो.

*

भाड्यानं व्हीसीआर आणायचा, सिनेमा बघायचा आणि मग त्यातल्या माणसांवर खटला चालवायचा, ही आमची पद्धत. त्या रविवारी विदेशी सिनेमा होता. दोन पुरुष जोडीनं राहतात म्हणून घरमालक त्यांचं सामान रस्त्यावर फेकतो. मालक एकमतानं दोषी! आमचे अध्यक्ष, म्हणजे सर, डोळे पुसत म्हणाले, "असली माणसं तिकडंच. आपल्याकडं नाहीत!"

"कोण सर? मालक, की ते दोघं?" भास्करनं विचारलं.

सरांनी चहा मागवला.

*

भास्कर वाळूजच्या कारखान्यात फिटर. पुंडलिकनगरात रमेशबरोबर खोली घेऊन राहायचा. त्या खटल्यानंतर महिन्याभरात त्यांच्याच मालकाला कुणकुण लागली. म्हणाला, रविवारी खोली खाली करा. भास्करनं मंडळात येऊन पहिल्यांदाच सगळं खरं सांगितलं. "मालकाशी कुणीतरी बोला. आम्हाला दोघांना मिळून दुसरी खोली कुणी देणार नाही."

खजिनदार म्हणाला, "अरे, हे त्या दिवशी सांगायचं ना! खटला काय रंगला असता!"

*

विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चात आमच्या मंडळातल्या शोभाताईंवर उगारलेली लाठी भास्करनं पाठीवर झेलली होती. म्हणून मालकाशी बोला, असं सांगायला मी ताईंकडं गेलो.

"आधी नामांतर होऊ दे रे. मग तुमच्या त्या विषयाचं बघू."

"तोवर त्यांनी राहायचं कुठं, ताई?"

"तुला ना, फार घाई असते!"

*

सर मात्र मालकाला भेटले बरं का! परत आले ते खुशीतच. "सुसंस्कृत माणूस आहे. सामान फेकणार नाही म्हणाला. टेम्पो किती वाजता येणार, तेवढं विचारलं!"

*

रविवारी टेम्पो आला. मंडळातला मी एकटाच. रमेश वैजापूरला आईवडिलांकडं चालला होता, भास्कर वाळूजला कुणाच्या तरी खोलीत. गाद्या चढल्या, स्टोव्ह चढला. दोघं एकमेकांकडं बघत नव्हते. गल्लीतल्या गच्च्या माणसांनी भरलेल्या, आवाज कुणाचाच नाही.

ड्रायव्हरनं वर नजर फिरवली आणि मला हळूच विचारलं, "कोन गेलं व्हय भाऊ? लई मानसं जमलीत, अन् रडंना कोनीच!"