निराधार सोडल्याचा सत्कार

"या बाईनं आजपासून फुकटचं खानं सोडलं. वाजवा टाळ्या."

सरपंच माइकवर असं बोलले आणि गावानं टाळ्या वाजवल्या. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा होती, शाळेच्या मैदानात. माझ्या खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला, फोटोसाठी मला मधोमध उभं केलं. समोर शाळेच्या रांगेत माझी पोरगी बसली होती. वैष्णवी, नववीतली. मागच्या पोरींनी तिच्या पाठीत बोट टोचलं आणि काहीतरी म्हटलं. तिनं मान खाली घातली ती कार्यक्रम संपेपर्यंत वर केली नाही.

मी मात्र हसले. फोटोत मी हसतेच आहे.

फुकटचं. माझा नवरा कामाला म्हणून सुरतेला गेला आणि तिथंच दुसरं घर करून बसला. पोरगी तेव्हा दुसरीत होती. गावात मला टाकलेली म्हणतात, सरकारी कागदावर परित्यक्ता. त्या नावावर महिन्याला दीड हजार मिळायचे. गावाच्या बोलण्यात त्याला निराधार म्हणतात. निराधार आलं का, निराधार काढलं का, असं बायका एकमेकींना विचारतात. दीड हजारात दोन माणसं जगवून पाहा आणि मग माइकवर बोला. वरून निंदणं, वेचणी, दुसऱ्याच्या मळ्यात वांगी तोडणं, काय मिळेल ते मी करतच होते. माहेर मंगरूळपीरजवळ आहे, भावाचा भाजीचा मळा आहे. तिथं दोन दिवस राहिलं की भावजय तिसऱ्या दिवशी एसटीची वेळ सांगते.

तर झालं असं. सरपंचाच्या मेहुण्याकडं तालुक्यातल्या एका मुलींच्या वसतिगृहाचा स्वयंपाकाचा ठेका आला. सरपंचाला गावात सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी मला बोलावलं आणि म्हणाले, स्वयंपाकाला बाई पाहिजे, महिन्याला सात हजार. मला आधी कानावर विश्वास बसला नाही. मग ग्रामसेवक म्हणाले, पगार सुरू झाल्यावर निराधार घेत राहिलीस तर घेतलेल्या पैशांची वसुली निघेल, आधीच लिहून दे. वसुली या शब्दाला गरीब माणूस जेवढा भितो तेवढा सापालाही भीत नाही. मी लिहून दिलं. भाऊंना वरून सांगणं होतं म्हणे, यादी कमी करा. त्यांनी माझा सत्कारच ठेवला.

माझं एकच म्हणणं होतं. पोरगी शाळेत राहावी. तिच्या हातात दुसऱ्याच्या वावरातला विळा येऊ नये. तेवढ्यासाठी मी सही केली.

काम लागलं की खर्च आधी सुरू होतो आणि पगार मागून येतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रोजचं एसटीचं तिकीट, बायांना अर्धं असलं तरी रोजचंच. वसतिगृहाच्या मॅडम म्हणाल्या, फाटकं घालून स्वयंपाकघरात यायचं नाही. दोन ब्लाऊज शिवले, चप्पल घेतली. मोबाइलमध्ये रिचार्ज पाहिजे, कारण ठेकेदाराचा फोन कधी येईल सांगता येत नाही. हे सगळं मी शेवटच्या निराधारातून केलं आणि उरलेलं दुकानातून उधार आणलं. पगार झाला की देते म्हटलं.

दुकानदार काका पहिल्या महिन्यात काही बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्यात तेलाची बाटली हातात धरून म्हणाले, "निराधार होतं तं मले भेव नव्हतं, पोरी. उशिरा येये पन येये. हा ठेकेदार देते का नाई, कोनाले माईत?" बाटली परत फळीवर गेली.

मला राग आला नाही, कारण माणूस खरं बोलत होता. निराधार होते तोपर्यंत गावात माझी पत होती. नोकरी लागली आणि पत गेली.

ठेकेदाराला विचारलं की एकच उत्तर. "बिल निघालं का देतो ना. कुठी पळून चाल्लो का मी?" भेंडीचं बिल निघायचं, गॅसचं निघायचं, पोळ्या लाटणाऱ्या बायांचं निघत नव्हतं. दिवाळीला हजार रुपये हातावर टेकवले आणि वर म्हणाला, घे, सण कर. मी रोज साठ पोरींच्या पोळ्या लाटत होते. उरलेल्या पोळ्या घरी न्यायला बंदी होती, त्या डब्यात टाकून गाईला घालायच्या. घरी माझी पोरगी मिठाशी भाकर खायची. कमलामावशी होती म्हणून ती भाकर तरी होती. मावशी आमच्या शेजारीण, साठीच्या पुढं गेलेल्या, नवरा वारलेला, मूलबाळ नाही. त्यांचं निराधार आलं की दळण आणायच्या आणि वाटीभर पीठ आमच्याकडं सरकवायच्या. त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत कधी.

सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत एका संध्याकाळी मी घरी आले तर वैष्णवी उंबऱ्यात बसून बोटांना हळद लावत होती. तीन बोटं कापलेली. चुलीजवळच्या डब्यावर नोटा ठेवल्या होत्या. मी काही विचारायच्या आत म्हणाली, "रागावू नोको, माय. दिवाळीपरयंत जातो. मंग जाईन शाळेत."

मी तिला मारलं नाही. मारायला हात उचलला आणि त्याच हातानं त्या नोटा उचलल्या. दुकानात जायचं होतं. त्या दिवशी मला माझा जेवढा संताप आला तेवढा नवरा गेला तेव्हाही आला नव्हता. दिवाळी झाली. मग कापूस सुरू झाला. शाळेतले सर एकदा घरी येऊन सांगून गेले की हजेरी भरत नाही, वर्ष वाया जाईल. मी हो हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी पोरगी वेचणीला गेली आणि मी पोळ्या लाटायला गेले.

शेवटी भाऊंच्या घरी गेले. निराधार परत सुरू करायचं तर दाखला पाहिजे, नवरा नांदवत नाही असा, सरपंचाच्या सहीचा. अंगणात खुर्च्या टाकून चारपाच माणसं चहा पीत होती. मला कोणी बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं.

भाऊ म्हणाले, "तुहा नवरा येते का कधी? रातचा-बितचा?"

माणसं हसली.

"नाई येत, भाऊ."

"मी कसं मानू? मी काय तुह्या घरावर पहारा देऊन राह्यलो?"

पुन्हा हसली. त्यांतला एक माझ्या बापाच्या वयाचा होता. माझ्या लग्नात जेवून गेलेला. तोही हसला. वाटलं, तिथंच अंगण फाटावं. अंगण कशाला फाटतंय, फरशीचं होतं.

मग भाऊंनी मोबाइल काढला आणि मला फोटो दाखवला, शालीचा. "हा फोटो पार तालुक्यालोक गेला. आता तूच परत निराधार मागतं, तं माही इज्जत काय राह्यली?" जरा थांबून आवाज खाली आणला. "असं कर. सव्वीस जानेवारीले ये. गावात अजून चार बाया हायेत. त्याइले माइकवर सांग, मी सोडलं, मले बरं हाय, तुमीबी सोडा. सांगतलं का दाखला घेऊन जा."

त्या चारींत कमलामावशी होत्या. मावशींना गावठाणात कुठं दोन खोल्या आहेत, म्हणून त्या निराधार कशा, असं कोणीतरी काढलं होतं. त्या खोल्यांचं छप्पर मी पाहिलेलं आहे.

मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, तिथंच हो म्हटलं. पोरीची बोटं डोळ्यांपुढं होती. दाखला मिळाला तर दीड हजार येतील, दुकानदार काका उधारी देतील, पोरगी वावरातून निघेल. घरी येताना काय बोलायचं ते जुळवतही आले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. आम्हा बायांना समोर बसवलं. मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. आधार कार्ड, बँकेचं पुस्तक, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून पदराखाली धरलेलं. माझं नाव पुकारायच्या आधी त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "मले काई समजत नाई, बाई. तू नोकरीवाली हायेस, तुले कयते. तू सांगशीन तसं करतो मी."

मी उठले. माइक हातात दिला. भाऊ खुर्चीत मागं रेलून बसले होते. वैष्णवी त्या दिवशी मैदानात नव्हती, वेचणीला गेली होती. मावशी माझ्याकडं बघत होत्या, पिशवी तशीच धरून. पाठ केलेलं माझ्या तोंडात आलं आणि तिथंच अडकलं. मी हे बोलले तर उद्यापासून या बाईच्या घरी दळण येणार नाही. आणि माझ्या पोरीनं ज्या पिठाची भाकर खाल्ली तेही तिथलंच.

मी म्हटलं, "मावशी, अंगठा देऊ नोका. कोनीच देऊ नोका. मी सोडलं, त्याले पाच महिने झाले. दिवाळीले हजार रुपये देल्ले, बाकी पगार नाई. माही नववीतली पोरगी आज कापूस येचून राह्यली. पगार हाती पडत नाई तवरोक लिहून देऊ नोका. अन् फुकटचं खातो असं आमाले कोनी म्हनू नोका. आमी कोनाचं फुकट खाल्लं नाई."

मधेच माइक बंद झाला. उरलेलं मी तसंच मोठ्यानं बोलले. टाळी एकही नाही. भाऊ शेजारच्याला म्हणाले, "खाली उतरवा हिले." मी स्वतःच उतरले.

तुम्हाला वाटेल, चार बाया माझ्यामागं उभ्या राहिल्या असतील. तसं काही झालं नाही. त्याच आठवड्यात दोघींनी लिहून दिलं. वसुलीच्या भीतीनं. त्यांतली एक मला रस्त्यात दिसली आणि तिनं वाट बदलली. तिसरी पोराकडं नाशिकला निघून गेली. मावशींनी दिलं नाही, तर त्यांच्या हयातीच्या दाखल्यावर सही होत नाही. आज या, उद्या या. बाई डोळ्यांसमोर उभी आणि जिवंत असल्याचा कागद नाही. मला दुसऱ्याच दिवशी ठेकेदाराचा फोन आला, येऊ नको. दाखला गेला, नोकरी गेली. मी परत वावरात गेले, पोरीच्या शेजारच्या ओळीत.

मार्चमध्ये बिल निघालं. बाकी बायांना पैसे मिळाले. माझे ठेवून घेतले. मजुरांच्या सरकारी कार्यालयात अर्ज दिला तर साहेब म्हणाले, नेमणुकीचं पत्र दाखवा. आम्हाला पत्र कोणी दिलं होतं? सोबत काम केलेल्या बायांना म्हटलं, मी तिथं होते एवढं तरी लिहून द्या. त्यांनाही घर आहे. कोणी दिलं नाही.

मग सरपंचांकडून निरोप आला. एक मेच्या ग्रामसभेत सगळ्यांसमोर म्हण, चुकून बोललो, माफी करा. सगळा पगार देऊ, दाखलाही देऊ. माहेरचा माझा भाऊ म्हणाला, म्हणून टाक, तोंडाला काय लागतं? भावजय पहिल्यांदा माझ्याशी गोड बोलली. दुकानदार काका माझ्याकडं जरा आशेनं बघत होते. त्यांचं चुकलं नाही, त्यांचे पैसे अडकलेत. दोन रात्री मी तेच घोळवलं. पोरगी, उधारी, पावसाळ्याआधी गळकं छप्पर. माझ्या मनात आलंच नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल.

पण मी काय चुकून बोलले? एक शब्द दाखवा. पोळ्या मी लाटल्या, भाजल्या, पोरींच्या ताटात वाढल्या. त्याचे पैसे माझे आहेत. ते माफी मागून घ्यायचे असतील तर पंधरा ऑगस्टला भाऊ बोलले ते खरं ठरेल, ही बाई दिलेल्यावर जगते. एक मेला मी मैदानाकडं फिरकले नाही.

आता ज्या दिवशी वावरात काम नसतं त्या दिवशी मी तालुक्याला, मंगरूळपीरला जाते आणि ठेकेदाराच्या ऑफिसच्या पायरीवर बसते. घोषणा नाही, पाटी नाही. येणारेजाणारे विचारतात, काहून बसली, बाई? मी सांगते, किती महिन्यांचा पगार, कोणी ठेवला. प्रत्येकाला सांगते. ऑफिसातला माणूस दोनदा बाहेर येऊन ओरडून गेला. एकदा पोलीस आला, त्यालाही तेवढंच सांगितलं. पैसे मिळतील असं मला वाटत नाही. माझ्यासारखीला असे मिळाल्याचं मी ऐकलेलं नाही.

परवा वैष्णवी म्हणाली, "माय, शाळा राहू दे आता. मले सवय झाली वावराची." पंधरा वर्षांची पोरगी सवय झाली म्हणते. मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सरांना भेटले. जूनमध्ये ती परत नववीत जाईल, लहान पोरींच्या सोबत. लाज वाटेल तिला. वाटू दे. तिची मजुरी बंद झाली की घरात एकाच वेळचं शिजेल. एकाच वेळचं शिजवीन. पण पोरगी पुन्हा वावरात जाणार नाही, मी माफी मागणार नाही, आणि त्या पायरीवरून मला उठवायचं असेल तर माझा पगार हातात ठेवूनच उठवावं लागेल.